खापरापुढचा पाट

आमच्या घरी मांडे करायचे असले की चुलीजवळ दोन पाट ठेवतात. एक खापरापुढे आणि दुसरा पुरणाच्या पातेल्याजवळ. खापर म्हणजे मोठ्या मडक्यासारखं मातीचं भांडं, ते चुलीवर पालथं घालायचं. खापरापुढच्या पाटावर जी बसते ती पुरण भरलेला गोळा आधी तळहातावर थापते, मग दोन्ही हातांवर झुलवत झुलवत पार कोपरापर्यंत मोठा करते आणि तापलेल्या खापरावर टाकते. पातेल्याजवळ जी बसते ती गोळे भरते, जाळ सारते, धूर खाते आणि बोलणी खाते. हा दुसरा पाट बावीस वर्षं माझा होता.

पहिला सासूबाईंचा. त्यांचा मांडा असा पातळ की त्यातून पलीकडचं माणूस ओळखू यावं. गावातल्या लग्नांत त्यांना बोलावणं असायचं आणि मी मागून पुरणाचं पातेलं घेऊन जायची. मलाही मांडा टाकून बघायचा होता. पण हे मी कधी कोणाला बोलले नाही. मला बोलायची लाज वाटते. दुकानात चहापूड मागायची तरी मी आधी दोनदा मनात म्हणून बघते. एकदाच, लग्नानंतर सहाव्या की सातव्या वर्षी, सासूबाईंनी स्वतःहून माझ्याकडे बघून सांगितलं होतं, "तुन्हा हात आखडता शे. मांडाले हात मोकळा लागस. तू तर कोपर पोटले चिटकाडीसन चालस." ते खरंच होतं. त्यानंतर मी चालताना कोपरांकडे बघायला लागले, त्यामुळे ती जास्तच चिकटली.

मी चौथीपर्यंत शिकले. घरी आम्ही अहिराणी बोलतो, पण वहीत लिहायला बसलं की शाळेतलीच भाषा येते. ही वही मी कोणाला दाखवत नाही.

आखाजीच्या, म्हणजे अक्षय्य तृतीयेच्या आधी दोन-अडीच महिने आमच्या गावात एका संस्थेच्या ताई आल्या. आमचं गाव लोणखेड्याच्या पुढे, तापीच्या बाजूला आहे. ताई दूर कुठल्या तरी मोठ्या शहरातल्या होत्या, वयाने माझ्या पोरीपेक्षा चारपाच वर्षांनी मोठ्या असतील. समाजमंदिरात त्यांनी कापडी फलक बांधला. त्यावर लिहिलं होतं, "माझ्या जीवनाचा उद्देश". ही नवी योजना आहे असा गावात बोभाटा झाला. आम्ही सतरा बायका गेलो, त्यातल्या चौदा जणींनी आधार कार्डाची झेरॉक्स आणि दोन फोटो आणले होते. सासूबाईंनी तर रेशनकार्डही आणलं होतं. "अर्ज कोठे देना शे?" त्यांनी बसण्याआधीच विचारलं.

ताई म्हणाल्या, "अर्ज नाही आजी. आज आपण स्वतःला शोधायचं आहे."

"मी आठेच शे," जमिनीकडे बोट दाखवत सासूबाई म्हणाल्या. पण झेरॉक्स त्यांनी परत पिशवीत ठेवली नाही, हातातच धरून बसल्या, न जाणो शेवटी मागितली तर.

ताईंनी प्रत्येकीला पाच कोऱ्या चिठ्ठ्या दिल्या. तुम्हाला जगात जे सगळ्यात प्रिय आहे त्या पाच गोष्टी लिहा म्हणाल्या. आमच्यातल्या सहा जणींना लिहिता येत नाही. त्यांचं लिहायला ताईंनी मला बसवलं, कारण मी सगळ्यात गप्प होते आणि गप्प माणूस शिकलेलं वाटतं.

लिहिताना कळलं की नवऱ्याचं नाव कोणीच घेईना. आमच्याकडे घेत नाहीत. ताई म्हणाल्या, अहो, फक्त लिहायचं आहे. पण लिहिणं म्हणजे घेणंच की. मग मी सासूबाई सोडून बाकी पाच जणींच्या चिठ्ठीवर "मालक" असं लिहिलं. ज्यांना लिहिता येत होतं त्यांनीही तेच लिहिलं. सतरा बायकांचे सोळा मालक झाले.

सासूबाईंनी मोठ्या आवाजात सांगायला सुरुवात केली. त्यांचे मालक वारले आहेत, म्हणून त्यांना एक चिठ्ठी जास्त मिळाल्यासारखी झाली होती. "लिख. पोऱ्या. नातू. मन्ही मोठी पोर. मन्ही म्हैस. आनी खापर."

मी लिहिलं. धाकटी पोर राहिली तेव्हा म्हटलं चूक झाली असेल, पण नाही, म्हैस पक्की होती. सून कुठे येते का म्हणून मी जरा हळू लिहीत होते. नाही आली. वाईट वाटलं असं नाही, पण म्हशीला मी रोज पाणी दाखवते, तेव्हा थोडं वाटलं.

मग मी माझ्या लिहिल्या. मालक, मुलगा, मुलगी. चौथी "सासू" लिहिली, कारण त्या अगदी मांडीला मांडी लावून बसल्या होत्या. त्यांना वाचता येत नाही हे लिहून झाल्यावर आठवलं. पाचवी चिठ्ठी किती वेळ तशीच होती. मग मी अगदी बारीक अक्षरात "खापर" लिहिलं आणि चार घड्या घातल्या.

ताई म्हणाल्या, "आता यातली एक गोष्ट तुम्हाला सोडावी लागणार आहे. एक चिठ्ठी समोर टाका."

बायका घाबरल्या. चिठ्ठी टाकली आणि तसं खरंच झालं तर? एकीने विचारलं, "ताई, टाकेल परत उचलता येस का?" ताई म्हणाल्या, हा खेळ आहे. त्यावर ती म्हणाली, "खेळ शे तर तुम्ही टाका ना पहिले." ताईंनी एक कोरा कागद टाकून दाखवला तेव्हा कुठे सुरुवात झाली. मी सासूबाईंकडे न बघता "सासू" टाकली. बावीस वर्षांत इतकं सोपं काम केलं नव्हतं.

दुसरी टाका म्हटल्यावर बऱ्याच जणींनी मालक टाकले. मीही टाकले. ते शेतात गेले होते, त्यांना कळणार नव्हतं. नेमके त्याच वेळी लाईट आले. सकाळपासून लाईट नव्हते आणि छताचा पंखा पाचवर ठेवलेला होता. तो असा फिरला की टाकलेल्या, मांडीवरच्या, हातातल्या सगळ्या चिठ्ठ्या समाजमंदिरभर उडाल्या. माझ्या उरलेल्या तिन्ही मुठीत होत्या, तेवढ्याच वाचल्या.

मग जो गोंधळ झाला तो सांगता येत नाही. निम्म्या चिठ्ठ्यांवर माझंच अक्षर, आणि मालक तर सगळेच सारखे.

"मन्हा मालक टाकेल नव्हता व! मांडीवर व्हता!"

"आठे तीन पडेल शेतस. तुन्हा कोणता?"

"कोणता बी दे. बठ्ठा सारखाच शेतस."

हसून हसून एक म्हातारी आडवी झाली. ताई गुडघ्यावर बसून चिठ्ठ्या उघडून वाचत होत्या. "मुलगा. गाय. मालक. मंगळसूत्र. मालक. मालक." आणि मग त्या थांबल्या. "सासू?"

आडवी झालेली म्हातारी उठून बसली. माझे कान तापले.

"हाई कोनी टाकं?" एका सासूने विचारलं. सगळ्या सुना खाली बघायला लागल्या. मीही बघायला लागले, त्यात मला सराव आहे. अक्षर माझं आहे हे ताईंनी ओळखलं, पण मी सात जणींचं लिहिलेलं, त्यामुळे त्याचा काही उपयोग झाला नाही.

ताई मात्र खूश झाल्या. "अहो, कोणी टाकली हे सोडा. सतरा जणींत एका तरी सुनेने सासूला पाच प्रिय गोष्टींमध्ये धरलं! किती नशीबवान ती सासू!"

हे ऐकल्याबरोबर वारं फिरलं. ज्या सासूने रागाने विचारलं होतं तीच म्हणाली, "ती मन्ही वहूनी शे."

"तुन्ही वहू तुले पानी देत नही, चिठ्ठीमा काय लिखई?" दुसरी म्हणाली. "मन्हीच वहूनी शे ती."

तिसरीनेही हात वर केला. तिच्या सुना तर त्या दिवशी आल्याही नव्हत्या. मी हळूच सासूबाईंकडे बघितलं. त्या तोंडाला पदर लावून हसत होत्या. "आमनी वहू? ती कागदवर बी मन्हं नाव लिखाले लाजई," त्या म्हणाल्या.

चिठ्ठ्या कशाबशा वाटून झाल्या आणि खेळ पुढे सरकला. ताई म्हणाल्या, आता दोन उरवा, आता एकच. माझ्याकडे पोरगा, पोरगी आणि खापर होतं. मी खूप विचार केला. पोरगी शहाद्याला नर्सिंगला आहे, तिथेच राहते. फोन केला की म्हणते, आई, नंतर करते. पोरगा इथेच असतो, पण भाकरी ताटात आली की त्याला मी दिसते, एरवी नाही. दोघंही चांगली आहेत. दोघांचंही माझ्याशिवाय चाललंय. आणि मांडा टाकायचं माझं अजून सुरूच झालं नव्हतं. मी दोन्ही पोरं एकदम टाकली आणि डोळे मिटले.

उरलेली चिठ्ठी एकेकीने उघडून दाखवायची होती. सगळ्यांकडे पोरं उरली होती, एकीजवळ देव. सासूबाईंनी ताठ मानेने आपली चिठ्ठी दिली. ताईंनी वाचलं, "खापर," आणि गोंधळल्या. "आजी, खापर म्हणजे फुटकं मडकं ना?"

"फुटकं?" सासूबाई उठून उभ्याच राहिल्या. मग ताईंना दहा मिनिटं मांड्यांची माहिती ऐकावी लागली. पोरगा आणि नातू टाकून खापर ठेवलं याची त्यांना जरासुद्धा लाज वाटली नाही. मला फार आश्चर्य वाटलं. लाज वाटायलाच पाहिजे असं नसतं, हे मला तोवर माहीत नव्हतं.

माझी पाळी आली. एका घरात दोन खापरं कशी निघणार? आणि आई असून पोरं टाकली हे कशी दाखवणार? मी मूठ उघडली नाही. "कोरी शे," म्हटलं.

ताईंचे डोळे भरून आले. "कोरी! बघा, जिला कशाचाच मोह नाही ती खरी मोकळी!" त्यांनी सगळ्यांना माझ्यासाठी टाळ्या वाजवायला लावल्या. आयुष्यात पहिल्यांदा माझ्यासाठी टाळ्या वाजल्या, त्याही खोटं बोलले म्हणून.

घरी जाताना मारुतीच्या पारापाशी आल्यावर सासूबाई म्हणाल्या, "तुन्ही चिठ्ठी कोरी कशी? तुन्हा पेन पाच येळा चालना. मले वाचता येत नही, मोजता येस."

"चुकी गयं, आत्या," मी म्हटलं. आम्ही सासूला आत्या म्हणतो. त्या पुढे चालू लागल्या.

पण मला चैन पडेना. चिठ्ठी मी फाडून चुलीत घातली तरी ती मला दिसायची. पोरं टाकून ठेवलेली गोष्ट आपण एकदाही हातात घेतलेली नाही, मग ती ठेवली कशाला? ताई म्हणाल्या होत्या की उद्देश मोठा असावा. माझा हातभर रुंद होता आणि तोही दुसऱ्याच्या पाटावर.

त्यातच सासूबाईंचा उजवा खांदा धरला. हात खांद्याच्या वर जाईना. आखाजीला माझ्या दोन्ही नणंदा माहेरी येतात. त्या दिवशी आमरस आणि मांडे हवेतच, नाहीतर आखाजी झाली असं म्हणत नाहीत. सासूबाई खांद्याला तेल चोळत म्हणाल्या, "आवंदा मांडेवालीले बलावू." पलीकडच्या गावात एक बाई आहे, ती बोलावलं की येऊन मांडे करून देते. मी समोरच बसले होते. त्यांच्या मनात मी आलेच नाही. त्या यादीतही नव्हते, तसंच.

दुसऱ्या दिवसापासून मी दुपारी दोनला, सगळे झोपले की मूठभर कणिक भिजवून गोठ्यात जायला लागले. तिथे कोणी बघत नाही, म्हैस सोडून. बांगड्या कोपरापर्यंत चढवून फडक्याने बांधायच्या आणि गोळा हातावर झुलवायचा. पहिल्या दिवशी तो चपातीएवढा होऊन फाटला. दुसऱ्या दिवशी माझ्या केसांत अडकला. फाटलेली कणिक पुरावा म्हणून ठेवायची नव्हती, म्हणून मी म्हशीला चारायची. आठ दिवसांत माझा मांडा ताटाएवढा झाला आणि म्हशीला सवय लागली. दोन वाजले की ती दावं ताणून ओरडायची. मला पाच मिनिटं उशीर झाला तर सगळी गल्ली जागी करायची.

असंच एके दिवशी ती ओरडत होती, मी घाईघाईने गोळा झुलवत होते. हात मोकळे सोडले होते, पार खांद्यापासून, आणि मांडा खरंच कोपरापर्यंत आला होता. दारातून आवाज आला, "म्हैसनी वटी भरी ऱ्हायनी का?"

मी दचकले. मांडा सुटला आणि म्हशीच्या एका शिंगावर टोपीसारखा बसला.

सासूबाई आत आल्या. शिंगावरची कणिक त्यांनी बोटांनी ताणून बघितली. वास घेतला. मी कोपरं पोटाशी घेऊन उभी. आता विचारतील, मग मी सांगेन असं मी ठरवलं. पण त्या एवढंच म्हणाल्या, "पानी कमी शे. तिंबाले बी कमी." आणि निघून गेल्या.

संध्याकाळी त्यांनी मला फोन दिला. "मांडेवालीले लाव. आखाजीनं सांग. आनी मोठा आवाजवर ठेव, मले बी आईकू दे."

मी नंबर लावला. घंटी वाजत होती. मला कळलं की ती बाई हो म्हणाली की मी पुन्हा त्या पातेल्याजवळ बसणार, आणि मग कायमचीच. समोर बसलेल्या सासूबाईंना सांगायची माझी हिंमत नव्हती. पण फोनवरच्या बाईला मी बघितलंही नव्हतं.

"हॅलो, मावशी," मी म्हटलं. गावाचं नाव सांगितलं, घर सांगितलं. "आखाजीले तुम्हले बलावाना विचार व्हता. पन येऊ नका. मांडे मी टाकसु."

"तू कोण?"

"मी वहू."

"कोणती? ती बोलत नही, ती?"

"हा. तीच."

"बोलस ना मंग," मावशी म्हणाल्या आणि फोन ठेवून दिला.

फोन खाली ठेवायचंही मला सुचेना. सासूबाई दाण्यांतले खडे निवडत होत्या. त्यांनी हात थांबवला नाही.

"मी तुले काय सांगं व्हतं?"

"बलावाले."

"तू काय सांगं?"

"नको म्हनून."

त्यांनी सूप बाजूला सरकवलं. "मंग बठी काय शे? गहू भिजाडना शेतस. ऊठ."

आखाजीच्या दिवशी पाटांची अदलाबदल झाली. सासूबाई पातेल्याजवळ बसल्या आणि मला लगेच कळलं की पातेल्याजवळ बसायला त्यांना अजिबात येत नाही. गोळे एकसारखे नाहीत, जाळ कधी फार तर कधी विझलेला. वर सगळं लक्ष माझ्या हातांकडे. "झुलाव! आखो झुलाव! हात सोड व माय, कोनी चोरत नही तुन्हा हात!" पहिला मांडा खापरावर पडायच्या आधी फाटला आणि पुरण जाळात गेलं. दुसरा पडला, पण अर्धा खापरावर आणि अर्धा चुलीबाहेर. तिसरा माझ्या मनगटाला चिकटला. थोरली नणंद दारात उभी राहून हसत होती. मालक दोनदा येऊन विचारून गेले की आज जेवायचं आहे की नाही.

"हसाले कोनी बलायं तुम्हले?" सासूबाई त्या दोघांवर ओरडल्या. "मन्हा पहिला मांडा तर कुत्रानी बी नव्हता खायेल."

हे मी बावीस वर्षांत ऐकलं नव्हतं. तोंडाला पदर न लावता मी मोठ्याने हसले आणि त्याच हसण्यात सातवा मांडा हातांवर फिरून खापरावर जाऊन बसला. पूर्ण, सगळीकडून. पारदर्शक वगैरे नव्हता. पण फाटला नव्हता. सासूबाईंनी तो उलटला, घडी घातली आणि पुढचा गोळा माझ्या हातात दिला. तो गोळा बरोबर होता.

अडतीस झाले. सगळे जेवून उठले, पानं गोळा झाली, घर आमरस खाऊन आडवं झालं. मी चुलीपासून उठले तेव्हा टोपलीत चांगला एकही मांडा उरला नव्हता. फक्त सुरुवातीचे तीनचार फाटके होते, गार झालेले. मी सासूबाईंना विचारलं, तुम्ही जेवलात का. त्या म्हणाल्या, नाही. खापरापुढची बाई शेवटी जेवते, आणि त्या इतकी वर्षं शेवटीच जेवत आल्या होत्या. मी तेव्हा नणंदांबरोबर गरम गरम खाऊन भांडी घासायला गेलेली असायची. माझ्या हे कधी लक्षातच आलं नाही.

आम्ही दोघींनी एका ताटात ते फाटके मांडे घेतले. रसाच्या पातेल्याला जे लागलं होतं ते त्यांनी बोटांनी निपटून माझ्या बाजूला सरकवलं. माझे हात इतके दुखत होते की घास तोंडापर्यंत नेताना डावा हात उजव्याला आधार द्यायचा. त्यांचीही तीच गत होती, खांद्यामुळे. आम्ही दोघी सारख्याच जेवत होतो.

"मीठ कमी पडनं," त्या म्हणाल्या.

"हो, आत्या."

"हात दुखस का?"

"दुखस."

"दुखू दे. सकाळे दोन्ही जावाई येतस. चाळीस टाकना पडतीन."